पाणचक्कीच्या जागी

प्रिय नोनो,

जम्मूत उकाडा असेल. इथं वारा आहे, पाऊस नाही.

खोऱ्याच्या नव्या नकाशाचं काम निघालंय आणि वाटणीत आपल्याच गावाचा तुकडा माझ्याकडे आला. गेल्या वर्षीच्या पुरानंतर जुने नकाशे कुचकामी झालेत. नदीनं पात्र बदललं; जवाच्या शेतांवर आता नुसते गोटे आहेत. दिवसभर जमिनीचे चढउतार मोजते, संध्याकाळी आमाकडे जेवते. रडू येत नाही. भूक मात्र लागते.

आमा अजून रोज आबांचा प्याला घासून चुलीजवळ ठेवते. तू फोनवर म्हणालास ना, आता आबांच्या नावानं पूजा उरकून टाकू, तेव्हापासून तुझं, पोटच्या लेकाचं, नाव काढत नाही. शेजारच्या यांगडोलला मात्र म्हणत असते, माणूस सापडला नाही म्हणजे मेला, हे कुणी ठरवलं?

परवा माझा मोजणीची पट्टी धरणारा माणूस आजारी पडला. आमा म्हणाली, मी धरते. गोट्यांवरून पाय घसरेल म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या जन्माआधीपासून ही नदी ओलांडतेय मी. मग मी दुर्बिणीमागे आणि ती समोर, आपल्याहून दुप्पट उंच पट्टी सरळ धरून. मी हातानं खुणावायचं, तिनं सरकायचं. असं करत ती आबांच्या पाणचक्कीच्या जागी आली. पूर आला तेव्हा आबा तिथंच होते; आता जात्याचा दगडसुद्धा उरलेला नाही. मी फक्त आकडे वाचत होते. पुढं सरक म्हणून खुणावलं, पण ती हलेना. शेवटी मीच तिच्याजवळ गेले.

"इथंच ना?" तिनं विचारलं.

"हो."

"पाणी कुठवर चढलं होतं?"

कड्यावरची गाळाची रेघ मी आदल्या दिवशीच मोजली होती. पट्टीवर तेवढ्या उंचीला बोट ठेवलं. त्यासाठी मला हात पूर्ण वर करावा लागला. आमा माझ्या बोटाकडे बघत राहिली. आबांना पोहता येत नव्हतं.

"पुढची जागा दाखव," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही सगळा काठ पुरा केला.

आज सकाळी ती गोम्पात जाऊन लामांना पूजेचा दिवस विचारून आली. पुढची पौर्णिमा. नोनोला तूच फोन कर, असं मी म्हटलं. बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "तू लिही त्याला. त्याचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही म्हणावं. पण त्यानं यावं."

म्हणून लिहिलं. ये.

तुझीच थोरली बहीण,
आचे