लपवा, दाखवा

सोमवार

आज आलेलं सामान: लॅपटॉप एक, ऑफिसचा, फुकट, पण सही देऊन घेतला. माऊस एक, साडेतीनशे, हा आपल्या खिशातून. दुकानदार चारशे म्हणत होता. वायरीचा लांब बोर्ड, दोनशे दहा. लाकडी स्टूल, जुन्या बाजारातून, एकशे ऐंशी. एक पाय आखूड निघाला, खाली पुठ्ठा घातला.

देवाच्या कृपेनं नवं घर आणि नवं काम एकाच आठवड्यात पदरात पडलं. यांची बदली झाली म्हणून इथे आलो. तिसरा मजला, उजेड भरपूर, दिवसा दिवा लावावा लागत नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी सासूबाईंची वेताची खुर्ची. समोरच्या भिंतीला कपाट, त्याच्या शेजारी स्टूल, मग चपलांचं रॅक. सतरंजी भिंतीपासून भिंतीपर्यंत मापात बसली. जणू या खोलीसाठीच घेतली होती.

काम दिलं भाऊजींनी, म्हणजे यांच्या मामेभावानं. ते वेबसाइटी बनवतात. म्हणाले, वहिनी, तुम्ही भाजीवाल्याचा काटासुद्धा तपासून घेता, तुमच्यासारखं माणूस मला शोधून मिळणार नाही. मी म्हटलं, मी मॅट्रिक, मला काय कळतंय. तर म्हणाले की कळायचं नाहीये, बघायचं आहे. क्लिक करायचं, काय दिसलं ते लिहायचं.

तपासायचं ते वेबसाइटचं पान आमच्याच इमारतीचं आहे. मालकाला प्रत्येक घरातली माणसं आणि सामान एका जागी दिसायला हवंय. ओळीवर क्लिक केलं की ती उघडते, माहिती दिसते. प्रत्येक ओळीला दोन बटणं: लपवा आणि दाखवा. बाकी घरांची माहिती अजून यायची आहे, म्हणून नमुन्याला भाऊजींनी आमचंच घर भरलंय. वर सामान, खाली माणसं: हे, आई म्हणजे सासूबाई, मी, आमची लेक चिमी. आपली नावं अशी चकचकीत पाहून चिमीला फार मजा वाटली. तिनं स्क्रीनवरच स्वतःच्या नावाला पापा दिला. पुसून घेतलं.

मंगळवार

देवापुढे दिवा लावून कामाला बसले. ओळी एका क्लिकला उघडत नाहीत, दोनदा दाबावं लागतं. कधी एकदाच दाबलं तर उघडून लगेच मिटते. ‘लपवा’ तर लागतच नाही. सगळं लिहून ठेवलं. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या की सकाळपासून नुसतं टक टक चाललंय, सून कमावतेय की भिंतीत खिळे ठोकतेय. मग स्वतःच हसल्या. त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधून दिली, पाणी दिलं.

भाऊजींनी सांगून ठेवलंय की काम झालं की पान आहे तसं सोडून उठा. पण माझ्याच्यानं ते होत नाही. कपाट उघडं टाकून, नळ ठिबकता ठेवून मी कधी उठले नाही. म्हणून एकेका ओळीचं ‘लपवा’ दाबत गेले. एकच लागलं, स्टुलाचं. ओळ गेली, पण तिची जागा तशीच राहिली. खालच्या ओळी वर सरकल्या नाहीत. मधे पांढरं भगदाड. दोष म्हणून कळवलं: “वस्तू लपवल्यावरही जागा रिकामी राहते, ती भरून यावी.” भाऊजी खूश झाले. म्हणाले, हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

बुधवार

सकाळी कपाटावरचा डबा काढायला स्टूल शोधलं. घरात नाही. यांना विचारलं तर म्हणाले, कुठलं स्टूल, आपण घेतलंच कधी. मी हिशेब दाखवला, एकशे ऐंशी. म्हणाले, काही तरी दुसरं घेतलं असशील.

झाडू मारताना कपाटाजवळ अंगठा ठेचला. तिथे काहीच नव्हतं. वाकून हात फिरवला तर हाताला लाकूड लागलं. चार पाय. एकाखाली पुठ्ठा.

मन घट्ट केलं आणि वरून पंचा टाकला. पंचा खाली पडला नाही. चौकोनी होऊन हवेत राहिला.

सासूबाईंना सांगितलं नाही, उगाच घाबरतील. भाऊजींना फोन केला, पण पंच्याचं काही तोंडातून निघेना. एवढंच विचारलं की लपलेलं परत का येत नाही, ‘दाखवा’ का लागत नाही. त्यांनी छान समजावलं. म्हणाले, लपवणं दोन तऱ्हेचं असतं. एकात वस्तू दिसत नाही, पण जागा अडवून बसते. दुसऱ्यात वस्तूही जाते आणि जागाही मिटते, खालचं वर सरकतं. आत्ता पहिलं होतंय, आपल्याला दुसरं हवंय. आणि ‘दाखवा’ न लागण्याचं कारण म्हणजे त्याच्यावर एक न दिसणारा थर पसरलाय, काचेसारखा. तुम्ही बटण दाबताय, पण बोट काचेवर पडतंय. उद्या सामानाच्या ओळींची दुरुस्ती चढवतो, म्हणाले. माणसांच्या ओळींची मागाहून.

मी हो म्हटलं. आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

गुरुवार

दुपारी सासूबाई खुर्चीत डुलक्या घेत होत्या. म्हटलं, दुरुस्ती चढायच्या आत स्टूल परत आणावं. त्याचं ‘दाखवा’ जिथे होतं तिथे बाण नेला. दाबणार तेवढ्यात पान हललं. पांढरं भगदाड मिटलं, खालच्या ओळी सरकन वर आल्या, आणि माझं बोट दाबलं गेलं ते तिथे येऊन थांबलेल्या बटणावर.

आईंच्या ‘लपवा’वर.

या वेळी पहिल्या क्लिकला लागलं.

मान वळवायला वेळ लागला मला. आधी समोरची भिंत पाहिली. कपाट आणि रॅक एकमेकांना चिकटून उभे होते. मधे बोट शिरायला जागा नाही. पंचा रॅकवर घडी घालून. सतरंजी एका बाजूनं फुगली होती, आता ती खोलीत मावत नाही, दुमडावी लागली. स्टुलाएवढी खोली कमी झालीय.

मग खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

शुक्रवार

झोप नाही. सकाळी यांना ताट वाढलं, आईंचंही वाढलं. यांनी विचारलं, हे ताट कुणाला. म्हटलं, आईंना.

हे हसले. म्हणाले, “माझी आई? अगं, तू लग्न होऊन आमच्या घरात आलीस तेव्हा तरी होती का ती?”

जाताना मात्र खुर्चीच्या पुढून सरळ गेले नाहीत. वळसा घालून गेले. आई पाय पसरून बसायच्या ना, तेवढा वळसा. यांच्या डोक्याला माहीत नाही, पण पायांना माहीत आहे.

दुपारी चिमी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि खुर्चीत जाऊन बसली. सीटच्या वर. हवेत. सीट आणि ती यांच्यामध्ये मांडीएवढं अंतर. पाय हलवत मला म्हणाली की आजी आज बोलत का नाही, नुसती थोपटते.

मी जवळ गेले. देवाचं नाव घेत हात पुढे केला. गुडघा लागला. ऊबदार. पट्टीची गाठ मीच मारलेली.

पेल्यात पाणी आणून धरलं. पेला थोडा थरथरला. पाणी हळूहळू कमी झालं.

नंतर माझ्या मनगटावर काही तरी घट्ट झालं आणि सोडेना. किती तरी वेळ मी तशीच उभी होते.

शनिवार

भाऊजींना सगळं सांगितलं. स्टूल, पंचा, पाणी. म्हटलं, तुमची सख्खी आत्या आहे हो ती, काही तरी करा. ते अडखळले. म्हणाले, वहिनी, आम्हाला आत्या नव्हतीच. तुमचे डोळे थकलेत, स्क्रीन कमी बघा. मग विषय बदलावा तसं म्हणाले की माणसांच्या ओळींची दुरुस्ती तयार आहे, उद्या दुपारी आपोआप चढेल, तुमचं ते रिकाम्या जागेचं काम झालं म्हणून समजा.

म्हटलं, थांबवा. म्हणाले, आता लावून टाकलंय, आणि मी तर प्रवासाला निघतोय, फोन लागायचा नाही, मेल टाकून ठेवा.

एवढंच विचारून घेतलं की काचेखालचं बटण दाबायचं कसं. म्हणाले, माऊस सोडा. टॅबचं बटण दाबत राहा, निळी चौकट एकेका बटणावर जाते. काचेचा तिला अडथळा नाही. हवी तिथे आली की एंटर.

केलं तसं. चौकट यांच्या ओळीवरून पुढे गेली — मग दिसेना, तरी दाबत राहिले. वाटलं, काचेखाली शिरली. आता आईंच्या ‘दाखवा’वरच असणार. हात जोडले. एंटर दाबलं.

लपलेल्या माणसाशी चौकट थांबतच नाही. उडी मारून पुढे जाते. माझी ओळही ओलांडून गेली होती. खाली कोपऱ्यात, शेवटच्या ओळीच्या ‘लपवा’वर जाऊन थांबली होती, मला दिसली नव्हती.

चिमी दारात बसून बूट घालत होती. एक बूट घातला होता. दुसरा तिथेच पडलाय.

रविवार, सकाळ

सापडली. पलंगाखाली हाताला केस लागले. ओढून बाहेर काढली, मांडीवर घेतली. वजन आहे. दात वाजताहेत ते अंगाला कळतं — आवाज नाही. गाल ओला लागतो.

यांना म्हटलं, चिमी. म्हणाले, कोण चिमी — आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ताप बघितला. हे चांगले आहेत. औषध आणायला गेलेत. तिच्या बुटावरून अलगद पाय उचलून गेले.

‘दाखवा’ दाबून दाबून माऊस तापला. लागत नाही. टॅब नाही, एंटर नाही. पान बंद करून उघडलं — तसंच. ओळींत दोन भगदाडं.

ती सारखी माझा पदर ओढते. काही सांगतेय. मला ऐकू येत नाही. हात सुटला की वेड्यासारखी आपटत येते, पुन्हा धरते — तिला वाटत असेल आई बघत का नाही माझ्याकडे.

दुपार व्हायला आली.

रविवार

माझी ओळ उरली होती. माझं ‘लपवा’ पहिल्याच क्लिकला लागलं.

दिसतात — दोघी दिसतात. चिमी मांडीवरच होती. डोळे सुजलेत, पण मला बघून हसली. पडलेल्या दाताची जागा दिसली. आई खुर्चीतून उठून आल्या, भिंत धरत. इथे आवाज आहे. आई म्हणाल्या —

“सूनबाई, तू कशाला आलीस? बाहेर कोणी तरी राहायला नको का?”

मला सुचलंच नाही ते. कुणी तरी बाहेर हवं होतं.

हे औषध घेऊन आले. टेबलावर ठेवता ठेवता थांबले. कुणासाठी आणलं ते आठवेना, पाकीट हातात घेऊन उभे राहिले. मी समोर होते. मग मला वळसा घालून आत गेले.

कळफलक दाबला जातोय. अक्षरं उमटतात. भाऊजींना मेल लिहिला. ‘पाठवा’ दाबतेय — एकदा, दोनदा — गेला की नाही कळत नाही. म्हणून इथेही उतरवून ठेवते, वहीत. कुणी उघडलं तर तेवढंच त्यांच्यापर्यंत —

ती. भाऊजींस,
मंगळवारी कळवलेला दोष मी मागे घेते. चूक माझी. लपवल्यावर जागा राहते ते बरोबर आहे, तशीच राहू द्या. दुरुस्ती चढवू नका. जागा रिकामी नाही. तिथे आम्ही तिघी आहोत. तुमची आत्या आहे, तिचा गुडघा दुखतो. चिमी सहा वर्षांची —

खिडकी जवळ आली.

मघाशी खुर्ची आणि कपाट यांच्यामध्ये चालायला वाट होती. चिमी म्हणते, आई, भिंत हलली. आईंनी तिला आमच्या दोघींच्या मधे घेतलंय. सतरंजी पायाखाली वर येतेय —

भाऊजी, जागा भरू नका. मिळताच उलट टपाली एवढं कळवा की दुरुस्ती थांबव