सहा आठवडे गुलमोहर

गुरुवार, २२ मे
ही वही अरेलिसने शनिवारी दिली. रोज लिहायचं होतं. रविवारी पेन नव्हतं. सोमवारी पेन मिळालं तर वही सापडेना. मंगळवारी दोन्ही हाताशी होतं, पण माझा मित्र तातो आला. बुधवारचं आठवत नाही. असो, आज सुरुवात. उशिरा सुरू झालेली कामंच नीट होतात, हे मी स्वतःच्या आयुष्यात पाहिलंय. म्हणजे पाहीन.

आधी हकीगत. अरेलिस शेजारी राहते, तिच्या चागोआजोबांकडे. गाडीच्या शेडमध्ये आरसा टांगून अर्ध्या सालिनास गावाचे केस करते. पोन्से शहरातल्या एका केशशाळेने स्पर्धा ठेवलीय. रंगवलेल्या केसांचा फोटो आधी पाठवायचा, सहा आठवड्यांनी तेच डोकं समोर आणून बसवायचं. रंग ज्याचा टिकला त्याला तिथल्या मोठ्या सलूनमध्ये खुर्ची. अरेलिसला ती खुर्ची हवीय. शेडमध्ये पंखा फिरेल याची गॅरंटी नसते.

आणि एवढ्या गावात तिने डोकं निवडलं माझं. यातून काय समजायचं ते समजलंय.

त्यांच्या अंगणातल्या गुलमोहराची पाकळी माझ्या कानाला लावून तिने रंग मिळवला. आरशात बघितलं तर डोक्याला आग लागलेली. छान लागलेली.

तिचे नियम: आठवड्यात दोनदाच धुवायचं. गार पाणी. तिने दिलेला खास शॅम्पू, एका वेळी लिंबाएवढा. उन्हात टोपी. समुद्र बंद. पहिले तीन दिवस तर डोक्याला पाणीच नको. प्रत्येक धुण्याची नोंद या वहीत. मग सोमवारी ती ऑर्लँडोला गेली, चुलतबहिणीच्या सलूनमध्ये कामाला. २७ जूनला परत, २८ला स्पर्धा.

धुण्याची नोंद: रविवारी एकदा. (तीन दिवसांचा नियम मला सोमवारी आठवला.)

ताजा कलम: शॅम्पूची बाटली चोरीला गेली. रविवारी परसातल्या पिंपाशेजारी, दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवली होती. सोमवारी नाही. या गावात माणसं कुठल्या थराला गेलीत.

सोमवार, २६ मे
निर्णय: शॅम्पू नाही तर धुणंच नाही. जो धुतला नाही तो रंग जाईल कुठे? हे अरेलिसला सुचायला हवं होतं.

नोएमी मावशी म्हणाली की माझ्या उशीवर कोंबडी कापल्यासारखं दिसतंय. मी सांगितलं, वरचा जास्तीचा रंग आहे, खालचा पक्का असतो. तिने विचारलं, पक्कं असं तुझ्यात नक्की काय आहे. मावशी माझ्या आईची बहीण. टोमणा तिच्या घराण्यातच आहे, माझ्याकडे मात्र आला नाही.

मी न्यूयॉर्कमध्ये लाँड्रीत काम केलं, आयबोनितोला कोंबड्यांच्या शेडवर केलं, दोन महिने ट्रकवर केलं. सगळीकडून मी स्वतःहून निघालो. सलग सहा आठवडे सांभाळायला कुणी काही दिलंच नव्हतं. आता दिलंय.

पोन्सेत खोली बघायला हवी. दोघांना पुरेल अशी.

शनिवार, ३१ मे
चार दिवस नोंद नाही. तातोने होडी भाड्याने घेतलीय, पर्यटकांना समोरच्या छोट्या बेटावर नेतो. दोर धरायला माणूस हवा होता. मी अट घातली, पाण्यात उतरणार नाही. उतरलो नाही. उडालेलं पाणी हे समुद्रात मोजत नाहीत.

टोपी होती. ती एका बाईला दिली, तिला ऊन लागत होतं. माणुसकी सोडून केस जपणाऱ्यांतला मी नाही.

डोकं फार खाजलं म्हणून काल धुतलं. कपड्याच्या साबणाने. एकदाच. आणि परवा एकदा.

रंग: गुलमोहर नाही म्हणता येणार. पेरूच्या वडीसारखा. पण उत्तम पेरूच्या.

गुरुवार, ५ जून
अरेलिसचा व्हिडिओ कॉल. केस दाखव म्हणाली. मी पटकन दिवा बंद केला आणि वीज गेली म्हणून सांगितलं. आमच्या या अख्ख्या बेटावर वीज सारखी जाते, त्यामुळे एवढं एक कारण असं आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. मेलेल्या आजीवर घेतील, विजेवर नाही.

ती म्हणाली, आत्ताच आजोबांशी बोलले, त्यांच्याकडे तर आहे. मी म्हटलं, आमचा खांब वेगळा.  मग म्हणाली, बरं, एरी, काळजी घे. आवाज मऊ होता. आठवण येत असणार.

उद्यापासून कडक शिस्त.

बुधवार, ११ जून
आज चागोआजोबांविषयी लिहितो, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

माणूस म्हातारा झाला की कसा होतो बघा. अरेलिस गेल्यापासून निळी बेसबॉलची टोपी डोक्यावरून काढत नाहीत. जेवताना टोपी, प्रार्थनेला टोपी. फादरनी हटकलं तर सर्दी झाली म्हणाले. एरवी ऐंशी वर्षांचा कोळी, भर उन्हात उघड्या डोक्याने जाळं विणायचा. आता सावली सरकली की खुर्ची सरकते. पहाटे पिंपावर गार पाण्याने डोकं धुतात, तेही दार लोटून. मी तातोला म्हटलं, म्हाताऱ्याला टक्कल पडलंय, लाजतोय. फार हसलो.

त्यांनी भिंतीपलीकडून आज मला विचारलं, तुझं काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही. शॅम्पू हरवला असं सांगितलं असतं तर थेट नातीच्या कानावर गेलं असतं. म्हाताऱ्यांच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलंय. नाही.

मंगळवार, १७ जून
पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं.

रंग: पत्र्यावरचा गंज.

पण उपाय सापडला, तोही मावशीच्या चुलीवर. भाताला लाल रंग यावा म्हणून आपण आचिओतेच्या बिया तेलात तळतो. ते तेल शर्टावर पडलं तर शर्ट फाटेल पण डाग जाणार नाही. मग तेच केसांना का नको? शेकडो वर्षं इथल्या बायका हे तेल भातात घालतायत आणि एकीलाही सुचलं नाही.

वाटीभर चोपडलं. रंग आला, देवाशपथ आला. दुपारपर्यंत मी गुलमोहर होतो. दुपारनंतर मुंग्या लागल्या. रस्त्यावरची दोन कुत्री घरापर्यंत मागे आली आणि दाराशी बसून राहिली. मावशी म्हणाली, आता वर मटार घाल म्हणजे रविवारचं जेवण झालं.

तेल निघेना म्हणून भांड्यांच्या साबणाने धुतलं. तीनदा. तेल गेलं. त्याच्याबरोबर गंजही गेला.

मंगळवार, २४ जून
काल सान हुआन संताच्या सणाची रात्र. सगळं गाव किनाऱ्यावर. वर्षभराचं नशीब उजळायला पाठमोरं समुद्रात पडायचं, सात वेळा. लहानपणापासून एक वर्ष चुकवलेलं नाही, आणि आत्ता नशिबाची गरज मला जेवढी आहे तेवढी कधीच नव्हती. समुद्र बंद हा नियम मला ठाऊक होता. पण स्पर्धा चार दिवसांवर असताना नशिबाकडे पाठ कोण फिरवेल? म्हणजे पाठ फिरवूनच पडायचं असतं, पण ते वेगळं.

प्रत्येक वेळी पडताना मनात एकच मागितलं, रंग टिकू दे. पाचव्या वेळी आकडा विसरलो. अर्धवट नशीब नको म्हणून पुन्हा एकपासून. एकूण बारा.

चागोआजोबा वाळूत खुर्ची टाकून बसले होते. टोपी घालून. मावशी म्हणाली, साठ वर्षांत पहिल्यांदा म्हातारा पाण्यात उतरला नाही. ओढून नेऊ या, असं तातो म्हणाला. आजोबांनी दोन्ही हातांनी टोपी धरली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी बाहेर येऊन केस पिळत होतो.  त्यांच्या नजरेत मत्सर होता असं मला वाटतं, तरुण माणसाचा.

सकाळी आरसा. ओल्या पुठ्ठ्याचा रंग.

शुक्रवार, २७ जून
हे पान फाडणार आहे.

दुकानातून डायचं खोकं आणलं. लाल संपला होता, डाळिंबी मिळाला. खोक्यावरची बाई हसत होती. पंचवीस मिनिटं ठेवायला सांगितलं होतं. मी पक्का बसावा म्हणून दोन तास ठेवला, त्यात तातो आला आणि तास वाढला. आता माझं डोकं जांभळं आहे. कानही. पोन्सेला पाठवलेल्या फोटोत आग आहे आणि इथे वांगं.

संध्याकाळी अरेलिस आली. मी खिडकीतून बघितलं, बाहेर गेलो नाही. मेसेज आला: उद्या सकाळी आठला निघायचंय, केस कसे आहेत? मी लिहिलं: गुलमोहर.

तिने उत्तराला नुसता अंगठा पाठवला.

उद्या खरं सांगेन. गाडीत सांगेन. पोन्सेपर्यंत पाऊण तास असतो, तेवढ्यात माणूस समजूत घालू शकतो. ज्यांचं खरं प्रेम असतं त्यांना रंग दिसत नाही.

शनिवार, २८ जून, सकाळी साडेसात
इस्त्रीचा शर्ट घातला. आत टेबलाशी बसलोय. शेजारी गाडी सुरू आहे. अरेलिसचा आवाज येतोय, कुणालातरी मान सरळ ठेवायला सांगतेय. गळा साफ करून वाक्य तयार ठेवलंय: अरेलिस, रंगापेक्षा माणूस मोठा.

पावणेआठ
मावशी आत येऊन म्हणाली, दारात कुणीतरी आलंय. चेहरा कसनुसा. मला वाटलं अरेलिस.

पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक म्हातारा, आणि डोक्यावर अख्खा गुलमोहर फुललेला. एक पाकळी गळलेली नाही. टोपी हातात धरली नसती तर मी चागोआजोबांना ओळखलं नसतं.

त्यांनीच सांगितलं. रविवारी संध्याकाळी, रंगवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अरेलिसला भिंतीवर बाटली दिसली. झाकण उघडं, शेजारी माझ्या केसांचे लाल ओघळ. ती बाटली घेऊन आत गेली, आरशासमोर आजोबांना बसवलं, आणि रात्री फोटो पाठवला तो त्यांचा. त्यांनी तिला विचारलं, पोराला सांगायचं का. ती म्हणाली, त्याने बाटली मागितली तर सांगा.

म्हणजे मी सहा आठवडे जे सांभाळत होतो, ते दुसऱ्या दिवशीच माझ्याकडून काढून घेतलं होतं.

गाडीचा हॉर्न वाजतोय. आजोबा अजून दारातच आहेत. मी लिहितोय, कारण लिहिताना मान खाली ठेवता येते. त्यांनी बाटली माझ्या वहीशेजारी ठेवली. अर्धी शिल्लक आहे. माझ्या जांभळ्या डोक्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "घे, एरी. निदान हा तरी टिकव."