न बांधलेल्या रणगाड्यांचं टेबल

बुध. १ ऑक्टो. खंडेनवमी.
हत्यारांची पूजा झाली. विळी, कात्री, शिवणयंत्र, ह्यांची करवत, कानस, टी-स्क्वेअर. त्यांच्यामागे ओळीने नऊ रणगाडे. ह्यांनी अकरा वर्षांत अळणावरच्या वखारीतल्या सागाच्या तुकड्यांतून केलेले. सगळे असे, की जे कुठल्याच सैन्याने बांधले नाहीत, नाहीतर एक-दोन नमुने करून टाकून दिले. दहावा अर्धा आहे.
आज माझ्या हातून चूक झाली. दहाव्याच्या पुठ्ठ्यावर ह्यांनी पेन्सिलीने मापं लिहून ठेवलेली. देवाला लावतात तसं मी बरोब्बर मधोमध ओलं हळदकुंकू लावलं. उंचीचा आकडा गेला. लांबी तेवढी वाचता येते.
हे पुठ्ठा डाव्या हातात घेऊन खिडकीशी बसले. (फेब्रुवारीतल्या झटक्यापासून उजवा हात नुसता सोबतीला असतो.) रागावतील वाटलं. म्हणाले, "इरली, असू दे. देवाला वाहिलं म्हणायचं."
त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

गुरु. २ ऑक्टो. दसरा.
मराठी मंडळाचे सेक्रेटरी सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला आले. "वहिनी, बंगारासारखं, सोन्यासारखं राहा," वगैरे. चहा. मग मुद्दा. १५-१६ नोव्हेंबरला देशपांडे नगरच्या हॉलमध्ये सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन. ह्यांना मधलं मोठं टेबल.
हे : "सगळे ठेवू?"
"सगळे की हो!"
हे हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणी मागितलेत. पाहुणे येतात, बघतात, आणि विचारतात, "ह्यातला पाकिस्तानच्या लढाईतला कुठला?"

सोम. ६ ऑक्टो.
दहावा पूर्ण करायचा ठरलं. हात माझे, डोकं ह्यांचं.
उंचीवरून वाद. हे म्हणतात सात सें.मी. मला पटेना, गाडी पाटासारखी दिसेल.
"तारिहाळच्या कारखान्यात बत्तीस वर्षं ड्रॉइंग काढली मी. तू कधी काढलीस?"
"मी बत्तीस वर्षं ब्लाउज बेतले. दिसतं मला."
शेवटी ह्यांचंच खरं. सातच्या मापाने दोन्ही बाजू कापल्या. करवत पहिल्यांदाच धरली. नारळ खवण्यापेक्षा सोपं आहे, फक्त घाई करायची नाही.

गुरु. ९ ऑक्टो.
दत्ताच्या देवळात जाऊन आले. आज ह्यांनी दहाव्याची हकीकत सांगितली. शब्द अडतात, तासभर लागला. शाई वाचवून लिहिते.
ऑस्ट्रेलियातला माणूस. ह्यांच्यासारखाच ड्रॉइंगवाला. १९१२ साली, म्हणजे पहिलं महायुद्ध लागायच्याही आधी, त्याने पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाडीचे नकाशे लंडनला युद्धखात्याकडे धाडले. नको म्हणून उत्तर आलं. कागद फायलीत. पुढे युद्धात त्यांनी आपले वेगळे रणगाडे केले. युद्ध संपल्यावर चौकशी बसली. तेव्हा साहेब म्हणाले, तुमची कल्पना फार हुशारीची, काळाच्या पुढची, पण आम्ही ती वापरलीच नाही, मग बक्षीस कशाचं?
मी म्हटलं, "मग काय केलं हो त्याने?"
"काय करणार. होता तसा राहिला."
हे ज्या सुरात म्हणाले तो सूर मला ओळखीचा. तारिहाळला ह्यांचं एक ड्रॉइंग असंच साहेबाच्या कपाटात गेलं होतं. त्याचं नाव हे काढत नाहीत, मीही काढत नाही.

सोम. १३ ऑक्टो.
लेकीने, शुभाने, बेळगावहून त्या ऑस्ट्रेलियावाल्याने केलेल्या छोट्या नमुन्याचा जुना फोटो मोबाइलवर पाठवला. बरोब्बर बाजूने काढलेला. मी शिवणाचा दोरा काचेवर धरला. फोटोत लांबी बारा, उंची तीन. आमची लांबी छत्तीस. मॅट्रिकला माझं त्रैराशिक पक्कं होतं. उंची नऊ.
दोरा ह्यांच्या पुढ्यात ठेवला. ह्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, परत मोजायला लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा मोजलं.
"नऊ," म्हणाले. मग, "फुकट गेल्या की गं त्या दोन बाजू."
"फुकट कशाला? लाटणं ठेवायला फळी झाली."

शुक्र. २४ ऑक्टो.
दिवाळी आटोपली. दहावा उभा राहिला. फेविकॉल वाळतोय.
संध्याकाळी सेक्रेटरी उद्घाटनाच्या पाहुण्यांना घेऊन आले. रिटायर्ड कर्नल, धारवाडचे, आपलेच मराठी. (पुढे क.सा. लिहीन.) उंच, फार कमी बोलणारे. हे कधी नव्हे ते बोलत सुटले. रशियाचा चाकवाला : पुढे घराएवढी दोन चाकं, मागे एवढंसं, आणि चाचणीतच मागचं रुतलं. मग जंगलातच पडून, पुढे भंगारात. दुसरा रशियाचाच, पंखवाला, विमानामागे बांधून एकदाच उडवलेला. जर्मनांचा हजार टनी, जो कागदावरून खाली उतरलाच नाही. अमेरिकेचा, जो कित्येक वर्षं विसरला गेला आणि शेवटी झुडपांत सापडला.
क.सां.नी सगळं ऐकलं. एकही हातात घेतला नाही. म्हणाले, "काम सुबक आहे. पण मी रणगाड्यांत नोकरी केली. माझी माणसं त्यात गेली. ह्या गमतींपुढे उभं राहून रिबीन मी कापणार नाही."
सेक्रेटरीची धांदल. "नाही हो साहेब, हे मागे मुलांच्या कोपऱ्यात ठेवू. मधल्या टेबलावर खऱ्या लढलेल्यांचे फोटो लावू. काय वहिनी?"
मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "ठेवूच नका. चादर घाल गं त्यांच्यावर."

शनि. २५ ऑक्टो.
हे भिंतीकडे तोंड करून. जेवणात चार घास. फिजिओवाला आला तर "बेडा, नको" म्हणून परत पाठवला.
चादर मी घातलेली नाही.

गुरु. ३० ऑक्टो.
देवळात बसून विचार केला. क.सा. खोटं बोलले नाहीत. ज्याची माणसं गेली त्याला लाकडाचं कौतुक कसं वाटावं? तेवढं मान्य.
पण मुलांचा कोपरा नाही. बेतून न शिवलेलं कापड चिंधी होत नाही. आणि अकरा वर्षं हा माणूस पगार नाही, बढती नाही, शाबासकी नाही, तरी बसून करत होता. ते मी पाहिलंय. दुसऱ्या कोणी नाही.
दत्तापुढे बोलून आले, मधलंच टेबल. आता माघार नाही.

शनि. १ नोव्हें.
गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे. शेजारच्या कमलक्काकडून प्रत्येक गाडीचं कार्ड कानडीत लिहून घेतलं, मराठी मी लिहिलं. चाकवाला बघून कमलक्का ओरडली, "यव्वा! इद एन, हे काय, रथ का?"
"रथच. रुतलेला."
"मग कर्णाचा म्हण की!"
पलंगावरून हसल्याचा आवाज आला. दोघींनी ऐकलं, वळून बघितलं नाही.

गुरु. ६ नोव्हें.
ह्यांना न सांगता बसने धारवाडला, क.सां.च्या घरी. दहावा पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. त्यांनी बसवलं, पाणी दिलं.
मी सांगितलं, टेबल मधलंच राहील. तुम्ही आलात तर मान, नाही आलात तर राग नाही.
क.सा. उठले. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट. तरुण मुलगा, मिशी नुकती फुटलेली. त्यांचा ड्रायव्हर. "गाडीला आग लागली. त्याच्या बाजूचं झाकण उघडलं नाही." एवढंच म्हणाले.
हात जोडले फोटोला. उठताना मात्र तोंडातून गेलं : "साहेब, ह्यांच्या दहा गाड्यांत कोणी मेलं नाही. पाच-सहा पोरं तरी आत बसली असती एकेकीत. बसली नाहीत. ती वाचली, हे खोटं का मानायचं?"
त्यांनी दहावा मागून घेतला. झाकण बोटाने वर केलं. उघडतं ते. ह्यांनी हट्टाने दोनदा बिजागरी बदलायला लावली होती माझ्याकडून, तेव्हा मी चिडले होते. त्यांनी झाकण लावलं, परत उघडलं.
"येईन की नाही, सांगत नाही," म्हणाले. फाटकापर्यंत सोडायला आले.

शनि. ८ नोव्हें.
सेक्रेटरीला कळलं. फोनवर : "वहिनी, पाहुण्यांच्या घरी जाऊन वाद घालता? उद्या ते आले नाहीत तर मंडळाची अब्रू?"
"मंडळाने दसऱ्याला माझ्या घरात बसून सगळे ठेवा म्हटलं होतं. ती कुणाची अब्रू?"
"तुम्हाला त्यातलं काय कळतं हो?"
"दहाव्याची उंची विचारा मला."
ठेवला फोन. हे आतून ऐकत होते. म्हणाले, "धारवाडला गेली होतीस?"
"हो."
"एकटी?"
"दहाव्याला घेऊन."
रात्री हे पूर्ण जेवले. आणखी एक भाकरी मागितली.

शुक्र. १४ नोव्हें.
कमलक्काच्या जावयाच्या गाडीतून दहाही हॉलवर. मांडामांड मी आणि कमलक्का. मधल्या टेबलावर पांढरा सोवळ्यासारखा स्वच्छ कपडा, दहा गाड्या, दहा कार्डं. एका टोकाला लढलेल्यांचे मंडळाचे फोटोही मीच लावले, नीट, सरळ. एक जागा मोकळी ठेवली. क.सां.ना त्या मुलाचा फोटो आणावासा वाटला तर. त्यांना सांगितलेलं नाही.
सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "सकाळी मी हे हलवणार. आताच सांगतो."
"या की. मी खुर्ची टाकून बसलेली असेन."
कमलक्का : "दोन खुर्च्या!"
घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. विचारलं, काही चुकलं का मांडताना. म्हणाले, "हजार टनी डावीकडे ठेवलास? उजवीकडे हवा. खिडकीचा उजेड तिथे पडतो." ह्यांनी तो हॉल शेवटचा पाहिला त्याला वर्ष झालं.

शनि. १५ नोव्हें. सकाळी.
पूजा लवकर आटोपली. देवाकडे काही मागितलं नाही, फक्त कळवलं.
मी निघायला लागले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात. बटणं डाव्या हाताने स्वतः लावलेली, एक वर-खाली.
"अहो, सहा पायऱ्या आहेत तिथे."
"मोजल्यात मी."
"बटण नीट करू?"
"नको."
फेब्रुवारीनंतर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. काठी दिली. रिक्षा दारात आहे, कमलक्का आधीच आत बसून रिक्षावाल्याला हजार टनीची गोष्ट सांगतेय.
मोबाइल वाजतोय. सेक्रेटरी. कर्नलसाहेब येणार म्हणून असेल, येणार नाहीत म्हणून असेल, टेबल हलवलं म्हणून असेल.
हे म्हणाले, "वाजू दे. चल, हजार टनी उजवीकडे करायचाय."

निघतो.