मुशी आणि कढीलिंबावरचं फुलपाखरू

नाना, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज पूजेला बसले तरी डोळ्यांपुढे मुशीच येते आहे. देव क्षमा करो. लेक नऊ वर्षांची झाली. तिला शिकायला पुण्यात आत्याकडे ठेवायचं, जिथं मी राहिले तिथंच, की इथं कल्याणात माझ्याजवळ, हे मला ठरवायचं होतं आणि सुचत नव्हतं.

ठाण्याच्या बंदरावर तुम्ही मला नेलं होतंत. कोळणीच्या टोपलीत हिरव्या डोळ्यांची काळपट मुशी. "मास्तर, ही लय खोलची, उजेड न्हाय तिथली," ती म्हणाली आणि तिनं पोट चिरलं, तर आत एकच पिल्लू, थेट आईसारखं. तुम्ही वाकून बघतच राहिलात. घरी आईनं तुम्हाला विहिरीवरच अडवलं. मास्तरांनी आता कोळणीच्याच पंगतीला बसावं, म्हणाली. अंघोळ करून ओल्या पंच्यानंच तुम्ही मला मागीलदारी बोलावलंत. कढीलिंबावर एका काळ्या फुलपाखरानं पोट वाकवून कोवळ्या पानाला एक अंडं चिकटवलं आणि ते निघून गेलं. तुम्ही विचारलंत, "यातली चांगली आई कोणती?" मी म्हटलं, मुशी. "घाई करू नकोस," एवढंच बोललात. पुढच्याच महिन्यात मला आत्याकडे सोडून आलात.

मी मॅट्रिक झाले, पण तेवढं कोडं राहिलं. फुलपाखरू स्वतः ते पान खात नाही, तरी अळीला चालेल असंच पान हुडकतं. मग त्याला निर्दय कसं म्हणू? आणि मुशी एवढ्या अंधारात एकटी ते ओझं वागवते, तिला तरी वेडी कोणत्या तोंडानं म्हणू? काल लेकीला पुण्याचं सांगितलं. निवडायचे तांदूळ तसेच ठेवून ती म्हणाली, "आई, मी काय केलं गं?" आत्याच्या ओसरीवर मी हेच तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही जोडे घातले होते.

सासूबाई म्हणतात, पोर आईच्या पोटाशीच बरी. घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. शेवटी मी ह्यांना ठासून सांगितलं, नाना नेहमी म्हणायचे, फुलपाखराचंच बरोबर, पोराला चांगल्या पानावर ठेवून आपण निघून यावं. हे लगेच कबूल झाले. तुमच्या शब्दाला इथं अजून मान आहे.

नाना, तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात.