बाळंतशेपांची पुडी

करावे गाव. गुरुवार, १२ डिसेंबर १९९६.

माझा व्हिसा नाकारला. माझ्या सुमनचं पहिलं बाळंतपण, परदेशात, आणि मी इथेच. बाळंतशेपांची पुडी आणून ठेवली होती, ती तशीच फळीवर आहे.

खिडकीतल्या साहेबाजवळ मराठी बोलणारी बाई होती. म्हणाली, "आजी, कशाला जाताय?" सुमनने पढवलं होतं, "आये, फिरायला बोल." पण मी खरं ते बोलले, बाळंतपण करायला.

"म्हणजे काम करायला?"

"मग काय, बसून खायला जाते?"

झालं. साहेबाने शिक्का मारला. चूक माझ्या जिभेची, कबूल.

संध्याकाळी सुमनचा फोन आला. वाटलं, रडेल.

"आये, टेन्शन घेऊ नको. सासूबाई येतायत. त्यांचा लंडनचा पासपोर्ट, त्यांना व्हिसाच लागत नाय."

"एवढ्यात तिकीट मिळेल?"

"कधीच काढलंय गो. दिवाळीत."

दिवाळीत? तेव्हा तर मला पासपोर्टचे फोटो काढायला पिटाळत होती! आपल्या पासपोर्टाला कोण विचारतो, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं? की मी नकोच होते? विहीणबाईंनी तर स्वतःच्या पोरांनाही कधी न्हाऊ घातलं नाही, बाई ठेवली होती.

फोन ठेवताना म्हणते, "बाळंतशेपा तेवढ्या पोस्टाने धाड."

शेपांना व्हिसा लागत नाही वाटतं.

पुडी सोडली. जेवल्यावर मूठभर चावल्या. उरल्या तर पाठवीन.