तळ्यातला मासा

शनिवार, संध्याकाळ

तळ्यातला मासा खाण्याजोगा निघाला! हुश्श. शेजारच्या रोझबाई इथल्या, उत्तर कॅनडातल्या डेने या आदिवासी जमातीच्या. युरेनियमच्या खाणीनं तळं नासलं असेल, या धास्तीनं त्यांनी हिवाळाभर नातीला टिनच्या डब्यातलाच मासा दिला. खाणीत राबलेला नवरा खोकून खोकून गेला. धास्ती कशी नसेल? मी तरी खाल्ला असता का? नसता.

आज माझी लेक सुजाता, इथली नर्स, तपासणीचा रिपोर्ट घेऊन आली. रोझबाईंनी लगेच मासा भाजला. पहिला तुकडा विस्तवात, नवऱ्याच्या नावानं. दुसरा नातीला.

"ग्रॅमा, डब्यातला बरा होता!"

रोझबाई डोळे पुसत हसल्या. नात माझ्याच वर्गात, म्हणून मला म्हणाल्या, "टीचर, आता हिला मासा खायला शिकवा."

शिकेल. लहानपणी शाळेत मलाही कविता कुठे एका दिवसात पाठ व्हायची?