आप्पांचे पाद्री आणि विशालचे पाय

९ नोव्हेंबर

आप्पांनी माझी नवी शाल देऊन टाकली! शकुबाईला! ती पेरूंना पिशव्या लावायला आली होती, सहज म्हणाली, "सकाळचं लय गार वाटतंया." झालं. आप्पा लंगडत उठले, कपाट उघडलं, समोर माझी शाल. स्वतःचं स्वेटर नाही दिलं. ते अंगात होतं ना!

म्हणे कालच्या सिनेमातल्या बिशपनं भर बर्फात अंगावरचा झगा भिकाऱ्याला दिला. "पुढारी आसा आसावा, प्राचे." अंगावरचा, आप्पा! लेकीच्या कपाटातला नव्हे!

सुरुवात मीच केली. ठिबकच्या नळीत पाय अडकून आप्पा पडले, घोट्याला प्लॅस्टर, दिवसभर टीव्हीसमोर. आपल्याकडचे सगळे संत बघून झाले. मग मी हे पाद्री-बिशपांचे हिंदीत डब केलेले सिनेमे शोधून लावायला लागले. त्यांत कुणीतरी कुणाला तरी माफ करतंच. मला तेवढंच हवंय — आप्पांनी लासुर्ण्याच्या दादासोंना माफ करावं. त्यांनी लाल गराची म्हणून दिलेली पेरूची रोपं पांढऱ्या गराची निघाली. तेव्हापासून त्यांचं नाव काढलं की आप्पा ताटावरून उठतात. आणि मला लग्न करायचंय दादासोंच्याच मुलाशी, विशालशी. अख्ख्या इंदापूर तालुक्यात मला दुसरं कुणी आवडू नये!

११ नोव्हेंबर

विशालचा फोन. पुढच्या रविवारी, तेवीसला, घरचे त्याला अकलूजला मुलगी बघायला नेणार. तो नाही म्हणून म्हणून थकलाय. "तुझ्या आप्पांचं कुठवर आलं?"

काय सांगू? शाल गेली, एवढंच आलंय.

१३ नोव्हेंबर

काल मुद्दाम क्षमेचा सिनेमा निवडला. एक म्हातारा मठाधिपती, शत्रूला उराशी धरतो, रडतो. मी पण रडले. आप्पांनी काय घेतलं त्यातून? तो मठाधिपती मौन पाळायचा, ते!

सकाळपासून आप्पा मुके. चहा हवा तर कपाकडे बोट. पेरूचा व्यापारी आला, त्याच्याशी खुणांनी घासाघीस. तो बिचारा घाबरून आईला म्हणाला, "आप्पांच्या अंगावरनं वारं गेलं का काय?"

आई मात्र खुशीत. "ह्यो शिनेमा रोज लाव बाई."

१४ नोव्हेंबर

आप्पा अजून मुके. आई गाणी म्हणतेय.

१५ नोव्हेंबर

मौन सुटलं! रात्री आमटीचा पहिला भुरका — आणि आप्पा ओरडले, "मीठ कुठाय? मीठ!"

नंतर भांडी घासताना आई हळूच म्हणाली, "म्याच घातलं न्हवतं. घर खायला उठलं हुतं गं." मला एकदम भरून आलं. मग वाटलं, हिला नवरा हवा तसा मलाही हवाय की! पण हे आईला सांगायची हिंमत नाही झाली. नुसतंच तवा घासत बसले.

१६ नोव्हेंबर

आज लागला निशाणा! सिनेमातला बिशप गुडघे टेकून गावातल्या लोकांचे पाय धुतो. आप्पा डोळे पुसत म्हणाले, "मोठ्या माणसानं वाकायला पायजे."

दुधाचा टेम्पो घेऊन जोतीराममामा आले, तर आप्पांनी त्यांना बाजूला घेतलं. मग मला म्हणाले, "लासुर्ण्याला निरोप धाडलाय. प्लॅस्टर निघालं की पाय धुणार." दादासोंचे पाय! आप्पा! मी उशीत तोंड खुपसून नाचले. (नाचता येतं तसंही.)

२० नोव्हेंबर

परवा प्लॅस्टर निघालं. मी शिकवते त्या बारामतीच्या शाळेत आज रजा टाकली. मोटरसायकल वाजली, उतरला विशाल! एकटाच! दादासोंना कमीपणा वाटला असणार, पोराला पुढं केलं. मी खूण करून विचारलं, तर त्यालाही काही माहीत नाही. "वडील म्हणाले, जाऊन ये."

वाटलं आप्पा हाकलून देतील. पण नाही! खुर्ची मांडली, परात आली. आप्पा चौरंगावर बसून विशालचे पाय धुतायत आणि तांब्यानं पाणी कोण ओततंय? मी! माझं लक्ष विशालकडं, निम्मं पाणी आप्पांच्या धोतरावर. पाय धुतले म्हटल्यावर आई सवयीनं कुंकू घेऊन आली. पायावर स्वस्तिक, कपाळी टिळा, वर टॉवेल-टोपी!

पेरू तोडणाऱ्या बायका पाट्या टाकून बघायला. शकुबाई — माझी शाल पांघरून — म्हणाली, "जावयबापू, पाय हालवू नगासा."

आमच्याकडं आई-बाप पाय धुतात ते एकाच माणसाचे. नवऱ्या मुलाचे. ते त्या बिशपला कुठून माहीत असणार!

२१ नोव्हेंबर

सकाळपासून फोन. "सुपारी फोडली, आमाला बोलावलं न्हाय व्हय?" कळसपासून भिगवणपर्यंत माझं लग्न ठरलंय. अकलूजच्यांनी परवाचा कार्यक्रम रद्द केला, म्हणे "आदी ठरलेलं आसताना आमाला कशाला बोलावता?" विशाल हसतोय की रडतोय, फोनवर कळत नाही.

आप्पा सगळ्यांना एकच सांगतायत — "आवो, म्या शिनेमातलं केलं!"

२२ नोव्हेंबर

आप्पांनी पांढरी टोपी इस्त्री करायला दिली. उद्या आईला घेऊन लासुर्ण्याला जाणार, हात जोडून सांगणार, आमच्या मनात तसलं काही नाही.

माझ्या हातातली बशी पडली. आणि तोंडातून निघून गेलं — "आप्पा, माज्या मनात हाय."

टीव्हीवर कुणीतरी पाद्री प्रवचन देत होता. आप्पांनी टीव्ही बंद केला. मी त्यांच्याकडं बघूच शकले नाही. म्हटलं, "कॉलेजपासून हाय. दुसऱ्या कुणाशी करणार न्हाय."

आप्पा उठून बागेत गेले. मी जेवले नाही.

२३ नोव्हेंबर

पाच डिसेंबरला साखरपुडा!! आईनं लासुर्ण्याहून आल्या आल्या सांगितलं, आणि हेही — दादासोंना निरोपच असा होता, की "तू नगं, पोराला पाठीव. जावई म्हनून पाय धुवायचं हायेत." दादासोंना माहीत, आईलाही आधीच माहीत, आणि जोतीराममामांनीच मला नि विशालला बारामतीला एकत्र बघून आप्पांना सांगितलेलं. मग कालचं ते टोपीचं नाटक कशाला?

आप्पांना विचारलं. म्हणाले, "तुज्या तोंडातनं ऐकायचं हुतं."